लिपीला वाली कोण?

लिपी म्हणजे भाषेचा अंगरखा, असे म्हणण्याची पद्धत आहे. अंगरखा बदलल्याने माणूस बदलत नाही, हे कबूल. पण जुन्या अंगरख्याच्या खिशात जे राहून गेले, त्याचे काय?

अरबी लिपीच्या दोन लेकी पाहा. मलाय भाषेची जावी आणि पंजाबीची शाहमुखी. अरबीत प, च, ग हे वर्ण नाहीत. दोघींनाही ते हवे होते. 'प'साठी जावीने 'फ'च्या डोक्यावरील एका टिंबाची तीन टिंबे केली. शाहमुखीने फारसीच्या वाटेने जाऊन 'ब'च्या पोटाखाली तीन टिंबे दिली. 'ग'साठी जावीने 'क'ला टिंब दिले, शाहमुखीने एक रेघ वाढवली. मलायचा ङ, पंजाबीचे ट आणि ड, यांचीही सोय झाली. तेव्हा उसनी लिपी आपल्या भाषेला बसत नाही, ही तक्रार फारशी टिकत नाही.

पुढे मात्र दोघींच्या नशिबी उतार आला. तेरेंगानूचा चौदाव्या शतकातला शिलालेख जावीत आहे. पण 1963 च्या कायद्याने राष्ट्रभाषेसाठी रोमन लिपी ठरली. जावीवर बंदी नव्हती, तरी शाळा आणि कचेरी गेल्यावर उरते काय? पाकिस्तानातल्या पंजाबात कोट्यवधी लोक पंजाबी बोलतात, पण त्यांची मुले शाळेत उर्दू शिकतात. सीमेच्या अलीकडे गुरुमुखी आहे. बोललेले दोघांना कळते. लिहिलेले एकमेकांना वाचता येत नाही.

मित्रहो, हे सारे दूरचे वाटत असेल, तर बडोद्याकडे वळा. आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी जमा, खर्च, बाकी, रोजकीर्द हे शब्द सहज वापरतो. हे शब्द मराठीने अरबी-फारसीतून घेतले, लिपी मात्र घेतली नाही. ते लिहिले मोडीत. हात न उचलता झरझर लिहायची, ह्रस्व-दीर्घाचा घोळ न घालणारी ही कारभाराची लिपी. गायकवाडीचे जुने मराठी दप्तर तिच्यातच आहे. बडोदे सरकारच्या नोकरीत उमेद घालवलेल्या रियासतकार सरदेसायांनी पुढे पेशवे दप्तराचे 45 खंड संपादले; मोडीतला तो मजकूर बाळबोधीत आला, म्हणून आज आपण वाचू शकतो. छापखान्याला बाळबोध सोयीची पडली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतून गेली. 2014 मध्ये तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली. पण संगणकात अक्षर आले, म्हणजे ते वाचणारा डोळा तयार झाला असे नाही.

मोडी पुन्हा व्यवहारात आणा, असे माझे म्हणणे नाही. बाळबोध उत्तम चालली आहे. पण आजोबांच्या पेटीतला कागद खरेदीखत आहे की कर्जरोखा, हे नातवाला कळू नये, ही नामुष्की आहे. 'बी.कॉम.ला याचा उपयोग काय?' असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की जुन्या वह्यांतला हिशेब हाही हिशेबच आहे.

या अंकाचा कानडी विभाग वाचणाऱ्यांना तर अनेक लिप्यांचे नवल नसावे. कोकणी कर्नाटकात कानडी लिपीत लिहितात, गोव्यात देवनागरीत आणि रोमनमध्ये. भटकळचे नवायत अरबी-फारसी लिपीत. दोन लिप्या ज्यांच्या हातात आहेत, त्यांना तिसरी जड जाऊ नये. आपल्या महाविद्यालयाने आठवड्यातून दोन तास मोडीचा वर्ग चालवावा. प्राध्यापकांनी शिकवणारा शोधून द्यावा. बाके भरण्याची जबाबदारी आम्हा विद्यार्थ्यांची.