आकाशातून छप्पर दिसते, माणूस दिसत नाही

1972 साली महाराष्ट्र दुष्काळाने होरपळला आणि मराठवाड्यातील भूमिहीन, दलित कुटुंबांनी पोटासाठी मुंबईची वाट धरली. त्याच वर्षी जुलै महिन्यात अमेरिकेने पृथ्वीची छायाचित्रे घेणारा लँडसॅट-1 हा उपग्रह सोडला. त्या छायाचित्रातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरील सुमारे 80 मीटर लांब आणि तितकाच रुंद तुकडा. दहा बाय पंधरा फुटांच्या दोन-तीनशे झोपड्या त्या एका ठिपक्यात सहज मावत. थोडक्यात, आमची माणसे शहर उभारीत होती, पण आकाशातल्या डोळ्यालाही ती दिसत नव्हती.

आज तो डोळा तीक्ष्ण झाला आहे. 1999 पासून खासगी उपग्रह एक मीटरपर्यंतचे तपशील टिपू लागले. 2005 साली गुगल अर्थ आले आणि घरबसल्या कोणालाही आपल्या वस्तीचे पत्रे पाहता येऊ लागले. शहराची वाढ मोजण्याचे हे मोठे साधन आहे, यात शंका नाही. प्रश्न असा आहे की, हे साधन कोणाच्या हातात आहे आणि ते कोणाची वाढ मोजते? खाडीकाठी टॉवर उभा राहिला की तो विकास ठरतो आणि त्याच टॉवरवर विटा वाहणाऱ्याने पत्रा ठोकला की ते अतिक्रमण ठरते. छायाचित्रात दोन्ही केवळ छपरेच असतात. 'अतिक्रमण' हा शब्द उपग्रह लिहीत नाही, तो व्यवस्था लिहिते.

डिसेंबर 2004 पासून दोन-तीन महिन्यांत मुंबईत 80 हजारांहून अधिक झोपड्या पाडण्यात आल्या. 2000 सालापर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देण्याचे आश्वासन निवडणुकीत देणाऱ्या आघाडीच्याच राज्यात हे घडले. तेव्हा संरक्षणाची मुदत 1 जानेवारी 1995 होती. 2014 साली कायदा बदलून ती 1 जानेवारी 2000 झाली. म्हणजे गरिबाचे नागरिकत्व एका तारखेला टांगलेले असते. रॉकेलचे रेशनकार्ड पुरात वाहून गेले, मतदार यादीत नाव चुकले की माणूस अपात्र! अशा वेळी जुने उपग्रह छायाचित्र आमचाही साक्षीदार होऊ शकते. अमुक वर्षी येथे वस्ती होती, एवढे तरी ते निर्विवाद सांगते.

पण ही साक्ष अर्धीच आहे. धारावीचेच उदाहरण घ्या. अदानी समूहाकडे गेलेल्या पुनर्विकास प्रकल्पासाठी तेथे मार्च 2024 पासून सर्वेक्षण सुरू झाले. ड्रोन आणि लेझर किरणांनी मोजणी करणारे लायडार तंत्र वापरले गेले. नियम असा की, 2000 पूर्वीच्या तळमजल्यावरील पात्र कुटुंबाला धारावीतच 350 चौरस फुटांचे मोफत घर; वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला मात्र धारावीबाहेर, तेही भाडे-खरेदी तत्त्वावर. आता एका छपराखाली खाली एक कुटुंब, माळ्यावर दुसरे, हे आकाशातून कसे दिसणार? तेथे कोण राहतो, केव्हापासून राहतो, हे घरात शिरून विचारावेच लागते. आणि विचारणारा कोण, लिहिणारा कोण, यावर सगळा निकाल अवलंबून असतो.

म्हणून आमच्या मते नकाशा वस्तीनेच केला पाहिजे. नैरोबीच्या किबेरा झोपडपट्टीत 2009 साली तेथल्याच तरुणांनी हातात जीपीएस यंत्रे घेऊन गल्ल्या, नळ, शौचालये, शाळा, दवाखाने नोंदवले आणि ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशावर टाकले. आमच्या वस्त्यांत मोबाईल नाही असे घर शोधावे लागेल. विहाराच्या युवक मंडळाने महिनाभर रविवार दिले तरी नळ किती, शौचालये किती, गटार कोठे तुंबते, माळ्यावर किती संसार आहेत, याची नोंद होईल.

मात्र सावध राहिले पाहिजे. खुला नकाशा बुलडोझरवाल्यालाही खुलाच असतो. नळ, रस्ते, शौचालये जगाला दाखवावीत. कुटुंबांची नावे, कागदपत्रे आणि वास्तव्याचे पुरावे मात्र वस्तीच्या समितीनेच जपावेत.

महाडच्या चवदार तळ्याचा लढा 1927 साली काठावर सुरू झाला, पण तो कोर्टातही लढावा लागला. तळ्यावर अनादी काळापासून आपलीच वहिवाट आहे, हे सवर्णांना सिद्ध करता आले नाही आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. सत्याग्रह करणारे बाबासाहेब पुराव्याचे महत्त्व जाणणारे बॅरिस्टरही होते. आपण मोर्चे पुष्कळ काढले, यापुढेही काढू. पण मोर्चाच्या पुढच्या रांगेत आता आपल्या वस्तीचा, आपल्या हाताने काढलेला नकाशाही असला पाहिजे.