तेवीस पणत्यांचा हिशेब

वर्गात गलबला ऐकू आला की मास्तर झोपले, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. माझ्या वर्गातली पोरे चिंचोके मांडून दुकान खेळत होती, तेव्हा दारात उभे राहून एका वरिष्ठांनी विचारले, “गणिताचा तास केव्हा सुरू करणार?” मी म्हणालो, “साहेब, तो चालूच आहे.” साहेबांना पटले नाही. पुष्कळ पालकांनाही पटत नाही. म्हणून ऐन दिवाळीत हे भांडण काढतो.

२०१९ साली माजलेले रण आठवा! बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस तीन’ अशी वाचनाची रीत आली आणि मराठी बुडाली अशी हाकाटी झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर कारण सांगत होत्या. तेवीस म्हणताना तीन आधी येतात, लिहिताना दोन. पोर तिथेच अडखळते. आपल्या शेजारचे कानडी पोर ‘इप्पत्तमूरु’ म्हणते, म्हणजे वीस आधी, तीन मागून. अडचण खरी होती. पण दोन्ही बाजूंनी भांडलो आपण थोरच. पोराला कोणी विचारले?

माझ्या वर्गातला एक मुलगा तेवीसचे बत्तीस लिही. आजीच्या भाजीच्या पाटीजवळ बसून मोड मात्र चोख देई. त्याला दहादहा चिंचोक्यांच्या दोन पुरचुंड्या बांधायला लावल्या. तीन सुटे उरले. शेजारच्या मुलीने विचारले, “मग बत्तीसला पुरचुंड्या किती?” “तीन,” तो म्हणाला, आणि आपली पाटी आपणच पुसली. मी तोंडही उघडले नव्हते.

पाढे नकोत असे मी म्हणत नाही. हवेतच, पण हाताने मोजून झाल्यावर. आणि वर्गात पडदा लावला म्हणजे काम झाले असेही नव्हे. त्यावर चित्रे नाचतात, पोरे गप्प बसतात. छडीनेही तेच होत असे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची. तीसुद्धा प्रश्न विचारीतच पुढे जाते.

१९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करून करवीरचे पोर शाळेत आणले. त्याला वर्गात बोलू देणे आपल्याकडे राहिले आहे.

आज सांजेला घरच्या पोराच्या हाती तेवीस पणत्या द्या. दहादहाच्या ओळी मांडायला सांगा, आणि उत्तर सांगू नका. थोडे तेल सांडेल. सांडू द्या.