गोलघुमट आणि आपले सभागृह



सहलीहून आलेल्या मुलांना विजापुरात काय पाहिले म्हणून विचारले, की उत्तर ठरलेले : गोलघुमट! मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ च्या सुमारास पुरी झाली. आतला व्यास सुमारे १२५ फूट. सज्जात भिंतीशी कुजबुजले तर पलीकडच्या टोकाला कान लावलेल्या मित्राला ऐकू येते, कारण आवाज गोल भिंतीच्या कडेकडेने सरकत जातो. पण शंभर मुले एकदम ओरडू लागली की गाईडचा एक शब्द कळत नाही. (हिंदी माध्यमात शिकलेल्या आम्हांला 'घुमट' आणि 'घुमणे' सख्खे भाऊ वाटतात, खरे-खोटे आमचे मराठीचे शिक्षक सांगतील.)

कबरीत आवाज घुमला तर गंमत. आपल्या सभागृहातही तो घुमतो. गुळगुळीत फरशी, काचेच्या खिडक्या, वर सिमेंटचा स्लॅब. गेल्या स्नेहसंमेलनात मागच्या पालकांना नाटक कळेना, म्हणून आम्ही लाऊडस्पीकर वाढवला, तर गोंधळच वाढला.

हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली हेच झाले होते. नव्या व्याख्यानगृहात आवाज साडेपाच सेकंद रेंगाळे. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकांनी रात्री दुसऱ्या सभागृहातल्या गाद्या आणून मांडल्या आणि दर वेळी घुमण्याचा वेळ मोजला. खोली मोठी आणि कडक असेल तर आवाज रेंगाळतो. गाद्या, कापड आणि माणसे तो शोषून घेतात. शोषणाचे माप म्हणून त्यांनी उघडी खिडकी धरली, कारण बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. पुढे १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल त्यांच्या गणितावर उभा राहिला. अमेरिकेच्या २००२ च्या मानकात लहान वर्गासाठी ही मर्यादा ०.६ सेकंद आहे.

आपल्या जुन्या कौलारू वर्गांत हा त्रास नव्हता. पण खिडक्या उघड्या ठेवाव्यात, तर रस्त्यावरचे हॉर्न आत येतात.

आता वरच्या मजल्यावर सहा वर्ग बांधायचे आहेत. रंगाचे नमुने आम्ही तीन सभांत पाहिले, आवाजाचा विषय एकदाही काढला नाही. यात आमचीही चूक आहे. नकाशा अजून कागदावर आहे. वर्ग रस्त्याच्या उलट बाजूला घ्यावेत, छताला आणि मागच्या भिंतीला आवाज शोषणारे मऊ तक्ते लावावेत, ही आमची मागणी आहे. खर्च वाढेल, पण फरशी थोडी स्वस्त घेता येईल.

पुढच्या सभेआधी विश्वस्तांनी सभागृहाच्या शेवटच्या रांगेत वही घेऊन बसावे. सातवीची एक विद्यार्थिनी व्यासपीठावरून दहा शब्दांचे श्रुतलेखन घालील. वह्या आम्ही तपासू.