16 कोटींचे इंजेक्शन नेमके करते काय?

2021 मध्ये पिंपरी-चिंचवडमधील एका बाळासाठी लोकवर्गणीतून 16 कोटी रुपये उभे राहिले. आजार होता स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, म्हणजेच एसएमए. 'झोलजेन्स्मा' इंजेक्शन मिळाले, तरी काही आठवड्यांत बाळ दगावले.

एसएमएमध्ये एसएमएन1 हे जनुक गायब किंवा बिघडलेले असते. त्यामुळे स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जारज्जूतील चेतापेशी मरतात. झोलजेन्स्मा निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत चांगले जनुक पेशीत पोहोचवते. बिघडलेला पार्ट तसाच ठेवून शेजारी चालू पार्ट जोडावा, तसे (चाकणकरांना हे वेगळे सांगायला नको). मात्र मेलेली पेशी परत येत नाही. त्यामुळे निदान किती लवकर होते, हे पैशांइतकेच महत्त्वाचे.

पण पेशी मरतात कशा, हे पाहायचे कसे? मुलाच्या मज्जारज्जूचा तुकडा काढता येत नाही. 2009 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी एसएमएग्रस्त मुलाच्या त्वचेच्या पेशींपासून मूलपेशी आणि त्यांपासून चेतापेशी घडवल्या. प्रयोगशाळेतल्या बशीतही त्या घटू लागल्या. आजार असा समोर दिसला की औषध आधी तिथेच तपासता येते.

जाहिरातींतले 'स्टेम सेल उपचार' मात्र वेगळे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सीसाठी पैसे घेऊन मूलपेशी टोचण्याला आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत मान्यता नाही. पालकांनी इथे सावध राहावे.

केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरणात मदतीची कमाल मर्यादा 50 लाख आहे. 2025 मध्ये न्यायालयीन लढाईनंतर नॅटकोचे रिसडिप्लाम 15,900 रुपयांना बाटली या दराने आले. रोशची बाटली सुमारे 6 लाखांची होती. हे औषध तोंडावाटे, रोज घ्यावे लागते.