‘कमाई’ नव्हे, जिंकलेले पैसे

जयपूरच्या विद्याधर नगरात राहून मी मराठीत अनुवाद करते. कवितासंग्रहाच्या अनुवादावर घर चालत नाही, म्हणून औषधांसोबतच्या सूचना, विम्याची पत्रकं, जाहिराती असं जे येईल ते घेते. तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन पोकर खेळवणाऱ्या एका कंपनीचं काम एजन्सीमार्फत आलं. दहा विजेत्यांच्या दहा गोष्टी. सांगाडा एकच: साध्या घरातला मुलगा, रात्ररात्र जागून शिकलेला खेळ, एक मोठा डाव आणि शेवटच्या परिच्छेदात त्या पैशांचं काय केलं याचा हिशेब. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन, बहिणीचं लग्न, शेतात बोअर, पुण्यात वन बीएचके.

मी सगळीकडे ‘जिंकलेली रक्कम’ लिहिलं होतं. मजकूर तपासणाऱ्याने ते खोडून सगळीकडे ‘कमाई’ केलं. मी हरकत घेतली. ‘मॅडम, हा शब्द आपला वाटतो,’ असं उत्तर आलं. मी गप्प बसले. दीड रुपया शब्द या दराने साडेसात हजार झाले. जयपूरचा मे महिना होता. मी कूलर घेतला.

माझं भांडण त्या शब्दाशी आहे. मराठीत पगार होतो, मजुरी मिळते, व्याज येतं, लाच खाल्ली जाते, डाव जिंकला जातो. कमावणं यांहून वेगळं. कातडं कमावतात, शरीर कमावतात, गवई आवाज कमावतो. कच्च्या वस्तूवर दीर्घकाळ मेहनत घेऊन ती टिकाऊ करणं, हा त्या क्रियापदाचा अर्थ आहे.

यावर पोकरवाले म्हणतील, आम्हीही मेहनत घेतो. खरं आहे. पोकरमध्ये कौशल्य लागतं. शक्यतांचं गणित, समोरच्याची पारख, हात टाकून देण्याचा संयम. ते कौशल्य कमावलेलं असतं, हे मला मान्य आहे. पण त्या कौशल्याने टेबलावर एक रुपयाही नवा तयार होत नाही. तो शेजाऱ्याच्या खिशातून येतो. शिवाय टेबल मांडणारा प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढतो. पोकरमध्ये त्याला रेक म्हणतात, इकडच्या जुगाराच्या अड्ड्यांवर नाल. समजा, सहा जण हजार-हजार रुपये घेऊन बसले आणि दर डावात सहाशे रुपये जमले. पाच टक्के नाल म्हणजे डावामागे तीस रुपये. शंभर डावांनंतर सहा हजारांपैकी तीन हजार मालकाकडे गेलेले असतात. उरलेल्या तीन हजारांत कोण किती कुशल, याची स्पर्धा चालते. आईचे गुडघे कुणाच्या पैशांनी बदलले, हे सांगणारा परिच्छेद त्या दहापैकी एकाही गोष्टीत नव्हता.

आणि खर्चाच्या गोष्टी तरी खऱ्या कितपत? नेमाने खेळणारा जिंकलेल्या पैशांना ‘बँकरोल’ म्हणतो, म्हणजे पुढच्या खेळाचं भांडवल. फ्रिज येतो तो त्याच्या एका कोपऱ्यातून. बाकीचा पैसा टेबलावर परत जातो. अमेरिकेतला स्टू अंगर पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा जिंकला. १९९७चं बक्षीस दहा लाख डॉलर होतं. त्यातला अर्धा वाटा प्रवेशाचे दहा हजार डॉलर भरणाऱ्या मित्राचा होता. उरलेला पैसा सट्ट्यात आणि अमली पदार्थांत गेला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९८मध्ये, लास वेगासच्या एका स्वस्त मोटेलात तो मेला आणि अंत्यसंस्कारासाठी परिचितांना वर्गणी काढावी लागली. याच खेळातल्या बॅरी ग्रीनस्टीनने स्पर्धांत जिंकलेले लाखो डॉलर मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देऊन टाकले. मला त्याचा आदर आहे. पण दान केलं म्हणून तो पैसा कमावलेला ठरत नाही, आणि अंगरने उधळला म्हणून न कमावलेला ठरत नाही. पैसा कशावर खर्च झाला यावरून तो आला कसा हे ठरवायचं, हीच तर त्या जाहिरातीची हातचलाखी.

आपला आयकर कायदा अधिक स्पष्ट बोलतो. १९६१च्या कायद्याच्या कलम ११५बीबीमध्ये लॉटरी, शब्दकोडी, घोड्यांच्या शर्यती, पत्ते आणि जुगार एकाच रांगेत बसले होते. दर सरसकट ३० टक्के. पगाराचे टप्पे तिथे नव्हते.

आमच्याच सेक्टरमध्ये एक मराठी घर आहे. तिथला मुलगा मला मावशी म्हणतो. पोकरमध्ये मोठा डाव लागला तेव्हा त्याने घरी दोन दरवाजांचा फ्रिज आणला आणि आईच्या हाती आमच्याकडे पेढे पाठवले. आठ महिन्यांनी त्याची मोटारसायकल दिसेनाशी झाली. मग एका संध्याकाळी त्याची आई माझ्याकडे विश्वासातला सोनार विचारायला आली. ‘त्याला धंद्यात खोट आली हो,’ म्हणाली. धंदा कुठला, हे मी विचारलं नाही. पुढे तो जिन्यात भेटला तेव्हा मीच विषय काढला. तो म्हणाला, ‘मावशी, चढउतार असतातच. कमाई झाली तेव्हा पेढे खाल्लेत ना?’

मला ‘मृच्छकटिक’ आठवलं. देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून ते आपल्या घरातलं नाटक आहे. वसंतसेनेने ठेवायला दिलेले दागिने चारुदत्ताच्या घरातून चोरीला जातात. चोरीवर कोण विश्वास ठेवील, म्हणून तो बायकोची रत्नमाला वसंतसेनेकडे पाठवतो आणि निरोप देतो, की तुमचे दागिने मी जुगारात हरलो. न खेळलेल्या जुगाराचा दोष तो स्वतःवर घेतो. आमच्या जिन्यात याच्या नेमकं उलट घडतंय. जिंकलं तर कमाई, हरलं तर धंद्यातली खोट. मधला जुगार हा शब्दच नाहीसा. आणि तो पुसण्याचे पैसे मी घेतले आहेत.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्य की नशीब, हा भेद न ठेवता. बंदीने काय साधेल यावर वाद घालता येईल. पण कायदा ॲप बंद करतो, शब्द नाही. दुकान दुसऱ्या नावाने उघडेल तेव्हा त्याला पुन्हा विजेत्यांच्या गोष्टी लागतील आणि त्या मराठीत आणायला आमच्यापैकीच कुणीतरी लागेल. त्या अनुवादकाला माझं एवढंच सांगणं: काम घेतलंत तर घ्या, पोट सगळ्यांना आहे. पण ‘जिंकलेली रक्कम’ लिहा, आणि कुणी खोडलं तर माझ्यासारखे गप्प बसू नका.

कूलर अजून चालतो. त्याची हवा कुणाच्या खिशातून आली, ते मला ठाऊक आहे.