हाताची घडी, तोंडावर बोट

दिवाळी अंकात अहिंसेवर लिहायचे म्हणजे फराळाच्या ताटात कडुनिंबाचा पाला वाढण्यासारखे आहे, हे मला कळते. संपादकांनाही ते कळले असावे. विषय ऐकून ते क्षणभर गप्प राहिले आणि मग, "जरा हलक्या हाताने लिहा," एवढेच म्हणाले. हात हलका की जड हाच आजचा विषय असल्यामुळे मी त्यांची सूचना आनंदाने मान्य केली.

त्याचे असे झाले, गेल्या वर्षी गांधीजयंतीला एका शाळेत पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. मुले पटांगणात ओळीने बसलेली, ऊन चढत चाललेले, गांधीजींच्या तसबिरीला झेंडूचा हार. आठवीतल्या एका मुलीने अहिंसेवरचे पाठ केलेले भाषण कुठेही न अडखळता, आणि बहुधा त्यामुळेच कुठेही न थांबता, म्हणून टाकले. तेवढ्यात मागच्या ओळीत दोन मुलांची जागेवरून ढकलाढकली सुरू झाली. एक गुरुजी चपळाईने तिकडे गेले, दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घातला आणि म्हणाले, "हाताची घडी, तोंडावर बोट!" पटांगण चिडीचूप झाले. भाषण पुढे चालू झाले.

त्या गुरुजींना मी दोष देत नाही. एवढा मोठा जमाव एकट्याने आवरायचा म्हणजे खेळ नव्हे. पण त्या दोन पोरांना त्या दिवशी जो धडा मिळाला तो व्यासपीठावरच्या धड्यापेक्षा कितीतरी पक्का होता. भांडण मिटते ते दोघांपेक्षा बळकट असा तिसरा येऊन बडवतो तेव्हा! जागा खरोखर कोणाची होती हे कोणी विचारले नाही. दोघांतला एक कदाचित खरा असेल, पण तोही तोंडावर बोट ठेवून बसला. याला आपण शाळेत शांतता म्हणतो.

छडी कायद्याने गेली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना मारण्याची आणि त्यांचा मानसिक छळ करण्याची मनाई केली, आणि १ एप्रिल २०१० पासून तो कायदा अमलात आहे. पोलंड देशाने ही मनाई १७८३ साली, म्हणजे आपल्याकडे अजून पेशवाई असतानाच, करून टाकली होती. तेव्हा आपण फार घाई केली असे कोणी म्हणू नये! पण छडी गेली तरी तिच्यामागची समजूत गेलेली नाही. ती समजूत अशी, की अहिंसा म्हणजे गप्प बसणे, आणि ते भाषणाने न जमले तर धाकाने शिकवावे.

खुद्द गांधीजींवर हा प्रसंग आलेला आहे. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर ते मुलांना शिकवीत असत. एक अंगापिंडाने मजबूत, सतरा वर्षांचा मुलगा काही केल्या ऐकेना. उलट उत्तरे देऊ लागला. गांधीजींनी जवळ पडलेली आखणी उचलली आणि त्याच्या दंडावर मारली. मारताना आपण थरथरत होतो, असे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. मुलगा रडला, त्याने क्षमा मागितली. मनात आणले असते तर तो उलट मारू शकला असता, हेही गांधीजी सांगतात. पुढे त्यांनी कधी मुलावर हात उचलला नाही. मला या हकिगतीत गंमत वाटते ती ही, की जगाला अहिंसा शिकवायला निघालेल्या माणसालाही वर्गात उभे राहिल्यावर ऐन वेळी आखणीच सापडली. म्हणजे ही गोष्ट नुसत्या सद्‌भावनेने साधणारी नाही. तिचा सराव लागतो.

मग असा सराव कोणी कधी रीतसर घेतला आहे काय? घेतला आहे, आणि ज्याने घेतला तो गृहस्थ तीन वर्षे आपल्या नागपुरात राहून गेलेला होता. मात्र नागपूरकरांनाही त्याचे नाव फारसे ठाऊक नसते.

त्याचे नाव जेम्स लॉसन. जन्म १९२८ चा, अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय पाद्र्याच्या घरातला. लहानपणी एका गोऱ्या पोराने मोटारीतून त्याला जातीवाचक शिवी हासडली. याने जाऊन त्याच्या थोबाडीत दिली आणि मोठ्या अभिमानाने ते आईला सांगितले. आई स्वयंपाकात होती. तिने वळूनही न बघता विचारले की बाबा, त्याने साधले काय? या प्रश्नाचे उत्तर तो पुढे जन्मभर शोधीत होता. कोरियाच्या युद्धाच्या वेळी सक्तीच्या लष्करभरतीला त्याने नकार दिला, तेरा महिने तुरुंगात काढले, आणि सुटल्यावर १९५३ साली नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात दाखल झाला. काम काय, तर मुलांचे खेळ घ्यायचे. सेवाग्राम तिथून अवघे पाऊणशे किलोमीटर. गांधीजींना जाऊन पाच वर्षे झालेली. त्यांच्याबरोबर काम केलेली माणसे तेव्हा हिंडती फिरती होती. लॉसन त्यांना भेटे, सत्याग्रहाच्या हकिगती खोदून खोदून विचारी. १९५५ च्या डिसेंबरात 'नागपूर टाइम्स'मध्ये त्याने बातमी वाचली की माँटगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला आहे आणि त्यांचा पुढारी मार्टिन ल्यूथर किंग नावाचा एक तरुण पाद्री आहे. १९५६ साली तो मायदेशी परतला. पुढच्या फेब्रुवारीत दोघांची भेट झाली. दोघेही अठ्ठावीस वर्षांचे. तुम्ही शिक्षण पुरे होण्याची वाट पाहू नका, आत्ताच दक्षिणेत या, असे किंगने त्याला सांगितले. तो टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरी गेला.

नॅशव्हिलच्या मोठमोठ्या दुकानांत त्या काळी अशी रीत होती, की कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाने कापड घ्यावे, मोजे घ्यावेत, पैसे मोजावेत. पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरपाशी स्टुलावर बसून कॉफी मागू नये. मागितली तर मिळत नसे. मराठी वाचकाला याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे कॉफीच्या जागी पाणी होते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर गावात लाठ्या चालल्या. त्या लोकांत लष्करात नोकरी केलेली माणसे होती. प्रत्युत्तर देणे त्यांना काही अवघड नव्हते. डॉ. आंबेडकरांनी त्यांना आवरले. याला अहिंसेचे तत्त्वज्ञान म्हणावे की शिस्त म्हणावे यावर पंडितांनी वाद घालावा. हात उचलला गेला नाही, आणि हक्कही सोडला गेला नाही, एवढे माझ्यापुरते पुरे आहे.

तर नॅशव्हिलमध्ये १९५९ च्या पावसाळ्यानंतर लॉसनने दर मंगळवारी संध्याकाळी एका चर्चमध्ये कॉलेजच्या मुलामुलींचा वर्ग सुरू केला. येशूची शिकवण, गांधी, थोरो यांची चर्चा होई, पण खरा अभ्यास त्यानंतर. खुर्च्या ओळीने मांडायच्या, हा काउंटर. काही मुले गिऱ्हाईक म्हणून बसत, बाकीची गोरे गुंड होत. गुंडांनी कानाशी येऊन शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचे. बसणाऱ्याने पाठ ताठ ठेवायची आणि जागा सोडायची नाही. खाली पडलो तर डोके कसे झाकावे, हे घोटून घ्यायचे. मारणाऱ्याच्या नजरेला नजर द्यायची, कारण समोरचे माणूस आहे हे त्याला दिसले पाहिजे. एकट्यालाच फार मार बसू लागला तर इतरांनी आपली शरीरे मधे घालायची, म्हणजे मार वाटला जातो! मग भूमिका बदलायच्या. जो गुंड होता तो गिऱ्हाईक. ही अदलाबदल मला फार महत्त्वाची वाटते. शिवी देताना आपल्याच तोंडाला कसली चव येते हे भाषणात कळत नाही.

पैलवान आखाड्यात करतो तीही तालीम आणि नाटकवाले पडदा वर जाण्याआधी करतात तीही तालीमच. लॉसनची ही दोन्ही होती.

त्या वर्गात डायान नॅश नावाची शिकागोहून आलेली मुलगी होती. हे सगळे काही चालायचे नाही, असे तिला सुरुवातीला वाटे. जॉन लुइस नावाचा अलाबामातल्या शेतकऱ्याचा मुलगा होता. लहानपणी घरच्या कोंबड्यांपुढे तो प्रवचने देत असे. १३ फेब्रुवारी १९६० ला शंभराहून अधिक विद्यार्थी उत्तम पोशाख करून दुकानांत जाऊन बसले. काउंटर बंद झाले. यांनी पुस्तके उघडून अभ्यास सुरू केला. २७ तारखेला गुंड चालून आले. मुलांना ओढले, तुडवले, अंगावर जळत्या सिगारेटी विझवल्या. पोलिसांनी ८१ जणांना पकडले. सगळे बसणारे, मारणाऱ्यांतला एकही नाही. पन्नास डॉलर दंड भरून सुटता येत होते. बऱ्याच मुलांनी तुरुंग पत्करला.

लॉसन स्वतःही त्यांच्यात जाई. एकदा चामड्याचे जाकीट घातलेला एक तरुण त्याच्या तोंडावर थुंकला. लॉसनने शांतपणे त्याच्याकडेच हातरुमाल मागितला. तो इतका गोंधळला की त्याने दिला! लॉसनने तोंड पुसले, रुमाल परत केला आणि, तुझ्याकडे मोटारसायकल आहे काय, अशी चौकशी केली. दोघे गाडीविषयी बोलू लागले. कोणी म्हणेल, हा त्या माणसाचा स्वभावच. मी म्हणतो, ज्या पोराने एके काळी थोबाडीत दिली होती त्याचा हा स्वभाव नव्हता, ही कमाई होती.

त्याचे मोलही त्याला द्यावे लागले. मार्च १९६० मध्ये विद्यापीठाने त्याला काढून टाकले. (त्याच विद्यापीठाने २००६ साली त्याला सन्मानाने प्राध्यापक म्हणून बोलावले. विद्यापीठांना उशिराने शहाणपण येते, पण येते.) १९ एप्रिलला पहाटे मुलांच्या वकिलाच्या घरावर बाँब पडला. वकील आणि त्यांची पत्नी बचावली. त्याच दिवशी हजारो लोक एक शब्दही न बोलता नगरपालिकेवर चालत गेले. तिथे पायऱ्यांवर डायान नॅशने मेयरला सर्वांसमक्ष विचारले, की केवळ रंगावरून माणसामाणसांत भेद करणे तुम्हाला योग्य वाटते काय. मेयरने नाही म्हणून कबूल केले. १० मे रोजी सहा दुकानांनी आपले काउंटर सर्वांना खुले केले.

आता बघा, या मुलीला 'तोंडावर बोट' शिकवले असते तर तो प्रश्न विचारला गेला असता काय? लॉसनच्या वर्गात मार सोसायला शिकवीत, पण कशासाठी, तर स्टुलावरून न उठण्यासाठी. सोसणे हे साधन, न उठणे हा मुद्दा. आपल्या शाळा मुद्दा गाळून साधन तेवढे शिकवतात, आणि तेही बहुधा दुबळ्या पोरांना. वर्गात ज्याच्या जातीवरून, बोलण्यावरून, बापाच्या धंद्यावरून टिंगल होते त्या मुलाला, "तू लक्ष देऊ नकोस," असे सांगणे ही अहिंसा नव्हे. ती टिंगल करणाऱ्यांची सोय आहे. त्याला उभे राहून, आवाज न चढवता, शिवी न देता, "हे मला चालणार नाही," असे म्हणता आले पाहिजे. आणि बाजूच्या दोघातिघांना त्याच्या शेजारी जाऊन उभे राहता आले पाहिजे. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षाही कठीण. बघे होण्याचे शिक्षण आपल्याला कोणी न देताच मिळालेले असते. हल्ली तर टिंगल शाळा सुटल्यावरही सुटत नाही, फोनमधून घरापर्यंत येते, आणि तिथे बघ्यांची संख्या मोजूनसुद्धा दाखवतात!

शिक्षक मंडळी म्हणतील, अभ्यासक्रम आधीच उतू चालला आहे, याला वेळ कुठून आणायचा? लॉसनला आठवड्याची एक संध्याकाळ पुरली. माझी आपली एक सूचना आहे. हा विषय मूल्यशिक्षणाच्या पुस्तकात घालू नये. तिथे गेला की त्याच्या शेवटी रिकाम्या जागा भरा येईल. तो पी. टी.च्या सरांकडे द्यावा. लॉसन नागपुरात खेळच घेत होता, आणि पडावे कसे, ताठ बसावे कसे, पाळी येईपर्यंत थांबावे कसे, हे त्या सरांना आमच्यासारख्या भाषणे ठोकणाऱ्यांपेक्षा अधिक कळते. खर्चही काही नाही. दोन बाके लागतील, आणि शिव्या देण्याचे काम मनापासून करतील अशी चारदोन पोरे. ती कुठल्याही वर्गात मिळतात.