४९९ रुपयांत 'लेखक' होताना

एस. वाय.ला असतानाची गोष्ट. इन्स्टावर मेसेज आला, 'अभिनंदन! तुमची कविता आमच्या आगामी काव्यसंग्रहासाठी निवडली गेली आहे.' मी कोनच्या नाक्यावर पनवेलच्या रिक्षाची वाट बघत उभी होते. रिक्षा आली, भरली, निघूनही गेली. मी आपली मेसेजच वाचत बसले. पुढे लिहिलं होतं, सहभाग शुल्क फक्त ४९९ रुपये. त्यात डिजिटल सर्टिफिकेट, 'सहलेखक' म्हणून नाव आणि आयएसबीएन. छापील प्रत हवी असेल तर पैसे वेगळे.

मी भरले. खोटं कशाला बोलू? आईला सांगितलं, प्रोजेक्टच्या कलर प्रिंट काढायच्यात.

पुस्तक आलं तेव्हा माझ्या कवितेत 'पाऊस'चा 'पाउस' झाला होता, दोन ओळी एकमेकींत घुसल्या होत्या आणि शेवटचं कडवं गायब होतं. म्हणजे 'निवड' करणाऱ्यानं ती कविता बहुतेक वाचलीच नव्हती. मी स्टेटसला सर्टिफिकेट ठेवलं, दीडशे हार्ट आले आणि विषय संपला. म्हणजे मला तसं वाटलं.

आमच्या कोनमध्ये गिरणी कामगारांसाठीच्या इमारती आहेत. २०१६ साली त्या घरांची सोडत निघाली, पण चाव्या हातात पडेपर्यंत लोकांची आणखी काही वर्षं गेली. तिथे राहायला आलेल्या एका आजोबांना मी मोठ्या कौतुकानं पुस्तक दाखवलं. त्यांनी चष्मा लावून कविता वाचली आणि विचारलं, "बाळा, ही तपासली कुणी?"

मी म्हटलं, "आजोबा, छापलीये ना!"

तर ते म्हणाले, "छापलीये ते दिसतंय गं. तपासली कुणी?"

मग त्यांनी सांगितलं. लालबागला त्यांच्या चाळीत गणपतीत हस्तलिखित अंक निघायचा. मजकूर शेजारच्या मास्तरांकडे द्यायचा. ते लाल शाईनं सपासप कापायचे. आजोबांचा लेख दोनदा परत आला, तिसऱ्यांदा घेतला. तो अंक एकच प्रत असायचा, पण अख्खी चाळ वाचायची. ना सर्टिफिकेट, ना आयएसबीएन. पण पन्नास वर्षांनंतरही त्यांना मास्तरांनी कापलेली वाक्यं आठवतात!

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. आपल्या पिढीला छापून यायची संधी कमी नाही, उलट जरा जास्तच आहे. कमी आहे ते आपलं लिखाण नीट वाचून 'हे जमलं नाही, पुन्हा लिही' असं सांगणारं माणूस. आणि हीच उणीव ओळखून आपल्याला 'हो' विकलं जातंय.

मराठीत हा 'नाही' म्हणणारा माणूस एकेकाळी फार मोठा होता. १९३३ ते १९८२ चाललेल्या 'सत्यकथा' मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक नवोदितांच्या कथा बारकाईनं वाचायचे आणि कुठे काय बिघडलंय ते पत्रानं कळवायचे. कथा परत यायची, पण सोबत शिकवणीही यायची.

अर्थात त्या दारातून सगळ्यांना प्रवेश नव्हता, हेही खरं. म्हणून तर बंडखोरी झाली. १९५०च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर वगैरे मंडळींनी 'शब्द' नावाचं सायक्लोस्टाइल केलेलं अनियतकालिक काढलं. साठच्या दशकात अशोक शहाणे, राजा ढाले, भालचंद्र नेमाडे अशा अनेकांनी आपापले अंक काढले. औरंगाबादला गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' उभं केलं आणि दलित लेखकांच्या एका पिढीला हक्काचं व्यासपीठ मिळालं. खिशातले पैसे या लोकांनीही घातले. मग त्यांच्यात आणि माझ्या ४९९ मध्ये फरक काय? ते एकमेकांचं वाचायचे, भांडायचे, फाडून टाकायला लावायचे. मी फक्त क्यूआर कोड स्कॅन केला.

आता कुणी म्हणेल, ते मोठे लोक, त्यांचं वेगळं. नारायण सुर्वे घ्या. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेला अनाथ मुलगा. पडेल ते काम केलं, शाळेत शिपाई झाले, पुढे शिक्षक झाले. पहिला संग्रह 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली आला आणि १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एवढं मागे जायचं नसेल तर तुळजापूरचे देविदास सौदागर बघा. शिवणकाम करणारा हा माणूस. टेलरच्याच आयुष्यावरच्या त्यांच्या 'उसवण' कादंबरीला २०२४चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठीचा हा पुरस्कार आहे, रक्कम ५० हजार रुपये.

आणि गंमत म्हणजे फुकटची दारं आजही उघडी आहेत. आपल्याला कुणी सांगतच नाही! माझ्या वर्गात पन्नासेक जण होते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना किती जणांना माहीत होती? एकालाही नाही. पहिलं पुस्तक अजून यायचंय अशांसाठी ती आहे. हस्तलिखित पाठवायचं, जाणकार ते वाचतात आणि पसंत पडलं तर प्रकाशनासाठी अनुदान मिळतं. केंद्र सरकारची 'युवा' योजना २०२१ साली सुरू झाली. वय तिशीच्या आत हवं. मराठीतही लिहिता येतं. पहिल्या फेरीत ७५ जण निवडले गेले. सहा महिने दरमहा ५० हजार रुपये शिष्यवृत्ती, सोबत मार्गदर्शक आणि पुस्तक छापणार नॅशनल बुक ट्रस्ट. म्हणजे इथे लिहिण्याचे पैसे तुम्हाला मिळतात, तुमच्याकडून घेतले जात नाहीत.

दिवाळी अंक तर आपल्या घरचेच. १९०९ साली 'मनोरंजन'नं सुरू केलेली ही परंपरा आज शेकडो अंकांपर्यंत पोचलीये. फक्त एक लक्षात ठेवा, दिवाळीचा फराळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात होत असला तरी अंकाची तयारी पावसाळ्यातच सुरू होते. कंदील लागल्यावर कथा पाठवून उपयोग नाही. कविता लिहिणाऱ्यांसाठी धुळ्याचं 'कविता-रती' १९८५ पासून आहे. कोकणात मधु मंगेश कर्णिकांनी १९९१ मध्ये उभी केलेली कोकण मराठी साहित्य परिषद आहे. आणि काहीच सुचत नसेल तर वर्तमानपत्राला वाचकपत्र लिहा. दीडशे शब्दांत मुद्दा मांडायला शिकवणारा त्याच्याइतका स्वस्त क्लास नाही.

पाठवण्याआधी तो अंक एकदा वाचा मात्र! पनवेलला के. गो. लिमये वाचनालय आहे, थेट लोकलनं ठाण्याला गेलात तर १८९३ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. ज्या अंकात आपल्याला छापून यायचंय तो आपण कधी उघडूनही बघितलेला नसतो. मी पण त्यातलीच होते.

पैसे मागणारा मेसेज आलाच, तर तीन गोष्टी डोक्यात ठेवा. एक, आयएसबीएन भारतात सरकारी यंत्रणेकडून मोफत मिळतो. तो पुस्तकाचा नंबर आहे, दर्जाचा शिक्का नाही. दोन, १९५७च्या कायद्यानुसार तुम्ही कविता लिहिलीत त्या क्षणी कॉपीराइट तुमचा झाला, नोंदणी सक्तीची नाही. तीन, तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार आणि तुमची सही लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणून सही करण्याआधी वाचा. आपण ॲपच्या अटी वाचतो तसं नको.

आता दुसरी बाजूही सांगायलाच हवी. ही फुकटची दारं पटकन उघडत नाहीत. मेल करा, महिनोन्महिने उत्तर नाही. नकार तरी कळवा ना राव! बऱ्याच अंकांकडून मानधन येत नाही. मोठ्या शहरात नसलात आणि कुणाची ओळख नसली की आपण बाहेरचेच वाटतो. अशा वेळी ४९९ घेऊन का होईना, कुणीतरी पाच मिनिटांत 'अभिनंदन' म्हणतं, आणि मुलं फसतात ती मूर्ख असतात म्हणून नाही, तर वाट बघून थकलेली असतात म्हणून. त्यामुळे संपादकांना माझी हात जोडून विनंती आहे, एक ओळ कळवा. नाही तर नाही, पण कळवा.

आणि कॉलेजांनाही विचारायचंय. असली सर्टिफिकेटं फाइलला जोडली की कौतुक होतं, पण वार्षिक अंक कसा निघतो? शेवटच्या महिन्यात घाईघाईनं, प्राचार्यांच्या फोटोसह आणि मुलांच्या न तपासलेल्या कवितांसह. तिथे वर्षभर संपादक मंडळ बसू द्या. मुलांनी मुलांचं वाचावं, कापावं, परत द्यावं. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, आपण स्टेटस ठेवले, छान झालं. पण उद्याचे लेखक त्या दर्जातून आपोआप येणार नाहीत, ते असल्या बैठकांतून येतील.

माझ्या त्या कवितेचं पुढे काय झालं? आजोबांनी लाल पेन मागून घेतलं आणि चौदा ओळींतल्या आठ कापल्या. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग पुन्हा लिहिली आणि एका अंकाला पाठवली. परत आली. पण सोबत संपादकांची एक ओळ होती, 'कविता चौथ्या ओळीतच संपते आहे, पुढचं तुम्ही समजावून सांगताय.'

ती ओळ मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीये. सर्टिफिकेट कुठल्या फोल्डरमध्ये आहे, आठवत नाही.